साहेबांची हरवलेली शेळी

माझं लग्न मोडायला मला फारसे कष्ट पडत नसत. तेरावं वर्ष लागेपर्यंत दोन स्थळं मी नुसत्या तोंडाने घालवली होती. पहिल्या पाहुण्यांनी विचारलं, "पोरगी भाकरी कशी करती?" तर मी चुलीपासूनच ओरडले, "आदी खानाऱ्याचं दात दावा!" दुसऱ्यांना मी काय म्हणाले ते आईने शेवटपर्यंत कुणाला सांगू दिलं नाही, तेव्हा ते राहू द्या.

तिसरं स्थळ नेऱ्याचं आलं, आणि या खेपेला मला लग्न हवं होतं. नवऱ्यासाठी नव्हे. नवरा ही काय चीज असते हे मला कुठे ठाऊक! मला हवं होतं ते नेरं गाव. तिकडची जमीन सपाट असते असं मी ऐकलं होतं. आम्ही शेळ्यांमागची माणसं. मुळशीत आमचं घर उतारावर, पाणी खाली, चारा वर, आणि शेळ्या चाऱ्याच्याही वर. पाटावर बसवलं तरी ही पोरगी एका अंगाला कलते, असं माझे चुलते म्हणायचे. सपाट गावात बाई नुसती चालते, तिला चढावं लागत नाही, एवढाच माझ्या डोक्यातला स्वर्ग होता. बिनडोक होते, पण रुबाब असा की जणू नेरं माझ्यासाठीच वसवलंय.

पाहुणे यायच्या दिवशी आईने मला बाजूला घेतलं. "ह्यो शेवटचा पावना. उद्या सकाळी सुपारी फुटस्तवर तोंड उगडलंस तर मीच तुला शेळ्यांसंगं बांदीन. मंग फिर जलमभर डोंगरात."

मी मान डोलावली. तोंड उघडायचं नव्हतं ना!

पाहुणे म्हणजे तिघं. मुलगा, त्याचा बाप आणि आई. मुलगा उंच, गोरा, शांत. शांत म्हणजे काय ते पुढे कळलं, तो जागेपणी झोपायचा. बापाने तंबाखू मळण्यापलीकडे काही केलं नाही. खरी पाहुणी होती ती मुलाची आई. गुडघ्यांवर हात टेकून टेकून ती आमचा चढ चढून आली, घागरभर पाणी प्याली आणि तिने मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जणू मी बाजारातली कोवळी शेळी. मी खाली मान घालून गप्प. आईच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

जेवणं उरकून पाहुण्यांना लवकर झोपवायचं, असा आईचा बेत होता. पण तेवढ्यात खालून ढोल वाजला.

तेव्हा धरणाचं काम जोरात होतं. आमची माणसं जमिनी बुडणार म्हणून दिवसभर त्या धरणाला शिव्या द्यायची आणि संध्याकाळी धरणाच्याच मजुरांसाठी लागलेल्या तंबूत जाऊन हलती चित्रं बघायची. दोन्ही कामं मनापासून. खेळाचा ढोल ऐकून पाहुणीचे गुडघे एकदम बरे झाले. "सिनेमा हाय व्हय? मला बगायचाय," ती म्हणाली, आणि लगेच लुगड्याचा पदर खोचून उतरायला लागली. आई माझ्या कानात म्हणाली, "बोलशील तर बग."

तंबूत मध्ये दोरी बांधून बायका एकीकडे, बाप्ये दुसरीकडे. मला आईने आणि पाहुणीने दोन्ही बाजूंनी दाबून बसवलं. आईची दोन बोटं माझ्या मांडीवर चिमट्यासारखी तयार. पडद्यापाशी पुण्याचा एक माणूस कोट घालून, हातात काठी घेऊन उभा होता. तेव्हा चित्रं मुकी असायची, म्हणून काय चाललंय ते हा सांगायचा. त्याच्या मागे एकजण पेटी वाजवायचा, त्याला एकच चाल येत होती आणि ती लग्नातली होती.

यंत्र खडखडलं. पडद्यावर डोंगर आला, नुसता पांढरा.

"हा बर्फ!" कोटवाला म्हणाला.

"मीठ हाय," मागची एक बाई म्हणाली. "येवढं कुनी सांडलं गं?"

मग चार साहेब आले, एकाच दोरीने कमरेला बांधलेले, आणि चढायला लागले. तंबूतली सगळी पुढे सरकून बसली. आम्हाला हे कळत होतं. डोंगर चढणं हे आमचं रोजचंच. पण आमच्यातलं कुणी उगाच कड्यावर जात नाही, जनावर अडकलं तरच जातं. तेव्हा सगळ्यांना एकच प्रश्न पडला आणि तो पाहुणीने विचारला.

"ह्येंचं काय हरवलंय? शेळी का मेंढरू?"

"काही हरवलेलं नाही, बाई," कोटवाला म्हणाला. "ते शिखरावर चाललेत."

"आन् तितं काय हाय?"

"काही नाही."

मग बाप्यांच्या बाजूने कुणीतरी खात्रीने म्हणालं, "शेळीच हाय. लाजंखातर सांगत न्हाईत." सगळ्यांना ते पटलं. त्यानंतर आख्खा तंबू पडद्यावर शेळी शोधत होता. काळा दगड दिसला की "ती बग, ती बग!" कोटवाला काठी आपटून आपटून थकला.

मी गप्प. नेरं, नेरं, नेरं, असं मनात म्हणत बसले होते.

मग वादळ आलं. साहेब एकमेकांपासून लांब लांब बसले, जणू भांडण झालंय. थंडीत सापडलं तर चिकटून बसायचं, जनावरं भोवती घ्यायची, वरून घोंगडं, हे आमच्यातलं रांगतं पोर सांगेल. मी ओठ चावला. रक्ताची चव आली. तरी गप्प. माझ्यासारखी सोशिक मुलगी जगात नाही असं मला वाटलं, आणि डोळे भरून आले, साहेबांसाठी नव्हे, माझ्यासाठी.

आणि मग तो साहेब पडला. कड्यावरून घसरला, दोरीला लोंबकळत राहिला. त्याच्या पायांखाली, हाताभर अंतरावर, चांगला बसण्याजोगा टप्पा होता. मला दिसत होता, आख्ख्या तंबूला दिसत होता. आणि वरचा शहाणा दोरी वर ओढत होता.

"आरं वडू नगं!" मी उभी राहिले. "खाली सोड, मुडद्या! पायाखाली टप्पा हाय! खाली सोड!"

आईचा चिमटा बसला, पण तो आता लुगड्यालाच. तंबू माझ्याकडे वळला. गेलं नेरं, असं मला स्पष्ट दिसलं, आणि तरी तोंड थांबेना. "अडाकल्याली शेळी कुनी वरनं वडतं व्हय? पाय ताट करती ती! खाली जावं, पाला दावावा, आपसूक उतारती!"

आईने कपाळ धरलं. पाहुणी सावकाश उठून उभी राहिली.

"शेळी उतारती," ती म्हणाली. "मेंढरू न्हाई उतरत. मेंढरू पाला बगून उडी टाकतं आन् मरतं. त्याला पाटीवरच घ्यावं लागतं."

"ह्यो मेंढरू कुटं हाय?"

"तोंड बग की त्याचं! येकामागं येक दोरीत बांदून चालल्यात. शेळी जाती का अशी?"

"मेंढरू असता तर येवडा वर चढला असता का, आत्याबाई?"

"मला शिकवतीस? माजं आयुक्ष कड्यात गेलं."

"मंग कड्यातली आक्कल कुटं सांडली?"

आईच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. बायका आमच्याभोवती जमल्या. काही शेळीच्या बाजूने, काही मेंढराच्या. कोटवाला ओरडत होता, "बाई, पुढचं बघा, पुढचं बघा!" पण बायकांच्या बाजूला पडद्याकडे सगळ्यांची पाठ होती. तो लोंबकळणारा साहेब मेला की वाचला हे मला आजतागायत माहीत नाही. बाप्यांना विचारावं तर त्यांनी आमचंच भांडण पाहिलं. नवरा मुलगा तेवढा पडद्याकडे तोंड करून होता, पण झोपलेला.

घरी येताना आईने मला दंडाला धरून ओढतच वर आणलं. सकाळी तिने पाहुण्यांना चहाऐवजी नुसता गूळ दिला, कशाला चहा वाया घालवायचा म्हणून. तर पाहुणी म्हणाली, "सुपारी काडा."

आईच्या हातून गूळ पडला.

"तोंडाची फाटकी हाय पोर," आई प्रामाणिकपणे म्हणाली.

"आसू द्या. टप्पा मला दिसला न्हवता, हिला दिसला." पाहुणीने गुडघे चोळले. "माजं गुडगं गेलं. ह्या पोराला कडा बगून चक्कर येती. मेंढरांमागं जानारं मानूस पायजे हुतं मला."

सुपारी फुटली. कपाळाला कुंकू लागलं. मग आईने घातलेली बंदी संपली म्हणून मी विचारलं, "पन नेऱ्यात डोंगर न्हाई न्हवं?"

"नेऱ्यात कुटला डोंगर?" सासू म्हणाली. "नेऱ्यात आमी पावसाळ्यातच आसतो, गं. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन घाटमाथ्यावर, पार कोकनाच्या तोंडाला. तुमचा ह्यो डोंगर त्याच्यापुडं अंगनातला वटा हाय."

मी असा गळा काढला की शेजारच्या बायका धावत आल्या. पोरीला आईचा केवढा लळा, असं म्हणत त्याही रडू लागल्या. आईही रडली, ती मात्र सुटकेने. सासूने मला जवळ ओढलं, पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "बरं, आंदारात मेंढरू आडाकलं तर काय करशील, त्ये सांग."

मी हुंदके देत देत सांगायला लागले. दुसऱ्याच वाक्याला तिने माझी चूक काढली, आणि आमचं परत जुंपलं.