पुडिंगमधलं नाणं

पुडिंगचा शेवटचा तुकडा संपला तरी नाणं कोणाच्याच दाताखाली आलं नाही, अन् अंजनाबाईनं पदर घट्ट धरला.

मोहननगरात अरुंधतीबाईंच्या घरी ती सत्तावीस वर्षांपासून रांधत होती. माहेर खेड्यातलं, कुहीचं, पण नाताळचं पुडिंग असं करी की चर्चमधल्या बायका कृती विचारायला येत. महिनाभर आधी एका रविवारी मनुका, पाकवलेल्या संत्र्याच्या साली अन् ब्रँडीचा तो काळा गोळा घरातला जो तो मनात इच्छा धरून एकदा ढवळी. मग अंजनाबाई त्यात चांदीचं जुनं नाणं दडवी अन् पुडिंग फडक्यात बांधून उकळत्या पाण्याच्या गंजात आठ तास वाफवी. नाताळाला ज्याला नाणं सापडेल त्यानं वर्षभर घरासाठी प्रार्थना करायची, हा बाईंच्या सासूचा नेम.

नाणं घासून आणायचं कामही अंजनाबाईचंच. यंदा तिनं ते दिवाळीआधीच घरी नेलं, लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. मग ब्रँडीत बुडवायची वेळ आली तर हातच धजेना. पूजेतली लक्ष्मी दारूत कशी टाकावी? वाढताना कोणाच्या तुकड्याखाली सरकवून देऊ, असं तिनं ठरवलं. पण आज भरदुपारी पडदे ओढून बाईंच्या मुलानं, अनिशनं, पुडिंगवर ब्रँडी पेटवली, अन् निळी ज्योत विझते न विझते तोच सुरी चालवून तुकडेही स्वतःच वाढले. नाणं राहिलं तिच्या पदराच्या गाठीत.

"रितिका, तू गिळलं का वं?" अनिशनं चार वर्षांच्या लेकीला विचारलं.

सगळे आपल्याकडेच पाहून राहिले, म्हणून पोरगी खूश. "हो!"

"गळ्यात दुखून राहिलं?"

"हो!"

अनिशनं गाडीची किल्ली उचलली. "दर वर्षी सांगतो, लेकराच्या खाण्यात लोखंड काहून घालता!"

"चांदीचं आहे ते," बाई म्हणाल्या.

अंजनाबाईनं गाठ चाचपली. बोललं तर हे घर सुटतं. नाही बोललं तर एक्सरेत काही निघणार नाही, अन् कोणाला कळणारही नाही. रितिका आता खरंच रडायला लागली होती. अनिश तिला उचलून दारापर्यंत गेला.

"थांबा ना दादा! तिनं नाही गिळलं. मीच टाकलं नव्हतं."

गाठ सुटेना. तिनं दातांनी सोडवली. नाणं टेबलावर ठेवलं. नाण्यावरच्या राजाच्या कानात अजून कुंकू होतं.

"पूजेत ठेवलं होतं, बाई. मंग दारूत टाकाले हात नाही गेला."

"अन् इतका वेळ गप्प बसल्या?" अनिश ओरडला. "माह्या पोरीचा जीव चालला होता इथं!"

अंजनाबाई स्वयंपाकघरात गेली. तिनं भांडी घासली, ओटा पुसला, चपला पायात घातल्या.

"अंजनाबाई." बाई मुठीत नाणं घेऊन दारात आल्या. "नाणं तुमच्याजवळ निघालं. यंदाची प्रार्थना तुमची."

"मले तुमची प्रार्थना येत नाही, बाई."

"तुम्हाला येते ती करा. उद्या वेळेवर या."

अंजनाबाईनं सवयीनं हात पुढे केला. नाणं दर वर्षी तीच कपाटात ठेवी.

बाईंनी मूठ उघडली नाही. "हे आता माझ्याजवळच राहू द्या."