ह्यांच्यासाठी जागा पाहताना

लग्नाचे किस्से लोक वर्षानुवर्षं सांगतात. कुणाच्या वरातीत घोडा उधळला, कुणाच्या पंगतीत आमटीच संपली. मरणाच्या आसपासचे किस्से मात्र कुणी काढत नाही. जणू तिथे कुणी हसतच नाही! पण जिथे चार माणसं तिथे काहीतरी घडतंच, आणि घडलेलं साठतं. माझ्याकडे तर पाच महिन्यांत इतकं साठलं की आजही देवळाच्या ओट्यावर बसले की बायका म्हणतात, "काकू, तो सरबताचा सांगा." एक सांगितला की दुसरा त्याच्या मागून येतोच.

तर आधी एवढं सांगते. आमचे हे तळवलीचे. तरुणपणी मिठागरावर, मग जमिनी गेल्यावर कंपनीत वॉचमन. रिटायर झाले आणि अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. तीन महिने मुंबईच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या झाल्या, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. घरी आणलं, पण दुखणं आवरेना. कळ आली की हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. आम्हाला दिसू नये म्हणून. त्यावरचं औषध आमच्या गावच्या डॉक्टरकडे नव्हतं.

मग मुंबईच्या डॉक्टरांनीच सांगितलं की नवी मुंबईत आता शेवटच्या आजारातली माणसं सांभाळणारी दोन-तीन घरं निघाली आहेत. हॉस्पिस म्हणतात त्यांना. तिथे बरं करत नाहीत, पण दुखू देत नाहीत. मात्र जागा नीट पारखून घ्या.

ह्यांना आम्ही काय सांगितलं होतं? अल्सर झालाय, हवापालटाला जायचंय. मी, मुलगा, सून आणि माझा मोठा भाऊ, चौघांनी एकच ठरवून टाकलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात हे माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. आणि मी रोज उठून त्यांच्याशी खोटं बोलत होते.

*

पारखायला कोण जाणार? माझा भाऊ, पदूदादा. गावातली निम्मी लग्नं त्यानं जुळवलेली. एखादी गोष्ट पारखायची म्हणजे मुलगी बघायला जायचं, दुसरी रीत त्याला ठाऊकच नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि हातात नारळ! मी म्हटलं, दादा, नारळ कशाला? म्हणाला, "पहिल्यांदा जातांव बाय, मोकल्या हातानं कसा जायचा?"

दुसरी माझी सून सुजाता. साताऱ्याकडची, बँकेत नोकरीला, राहायला सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये. तेव्हा सीवूड्सला मॉलबिल काही नव्हता, गुडघाभर गवत होतं. तिनं वहीत रकाने आखले. स्वच्छता, जेवण, औषधं, वागणूक, असं सगळं, आणि प्रत्येकाला दहापैकी मार्क.

तिसरी मी. मला सही करता येते, तेवढीच माझी शाळा. म्हणून मला कुणी काही काम दिलं नव्हतं.

*

पहिली जागा वाशीकडची. बंगलाच. सोफा, गुळगुळीत लादी, काचेच्या टाकीत सोनेरी मासे. टाय लावलेले मॅनेजर हातात कॉर्डलेस फोन घेऊन आले. आल्या आल्या ट्रेमधून सरबत.

दादानं सुरुवात केली. मूळ गाव कुठलं, घरात माणसं किती, स्वयंपाकाला कोण. मॅनेजरनी हसत हसत सगळ्याची उत्तरं दिली. सुजातानं वही बघून विचारलं की इथून किती पेशंट बरे होऊन घरी जातात. मॅनेजर म्हणाले, "नव्वद टक्के, मॅडम." सुजातानं दहापैकी दहा दिले. हॉस्पिसमधून नव्वद टक्के माणसं बरी होऊन जातात हे ऐकून तिला आनंदच झाला, बिचारीला.

मी बाथरूमचं निमित्त करून आत गेले. चार पलंग. प्रत्येकाचं एक टेबल, टेबलावर पाण्याचा ग्लास, ग्लासावर विणलेलं झाकण. फार सुरेख. फक्त टेबलं ओळीत दिसावीत म्हणून सगळी भिंतीला लावलेली. पलंगावरच्या कुणाचा हात पोचणार नाही अशी. एक म्हातारी नुसती ग्लासाकडे बघत होती. मी तिला पाणी दिलं. एक ग्लास प्यायली. दुसरा प्यायली. मग शेजारचा ग्लास आणून दिला, तोही प्यायली.

बाहेर येऊन मी दादाला सांगितलं. त्यानं हातातलं सरबत खाली ठेवलं, नारळ परत पिशवीत घातला, आणि गेटबाहेर आल्यावर म्हणाला, "पोरगी गोरी हाय. पन घरात पानी भरनार नाय."

*

दुसरी जागा नावड्याच्या बाजूला. चालवणारे गृहस्थ पूर्वी कुठल्याशा कंपनीत टाइमकीपर होते. ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. भिंतीवर हा मोठा फळा, त्यावर वेळापत्रक. सुजातानं मोठ्यानं वाचून दाखवलं. सहाला उठणे. साडेसहाला चहा. आठला स्नान. नऊ ते साडेनऊ मनःशांती.

दादा फळ्याकडे बघत बसला. मग अगदी नम्रपणे विचारलं, "साडेनवानंतर कुनाला मनःशांती लागली तर?"

गृहस्थांना ते आवडलं नाही. त्यांनी आम्हाला पेशंटांकडेच नेलं. तुम्हीच विचारा म्हणाले. मी पहिल्या बाबांना विचारलं, कसं वाटतं इथे? ते म्हणाले, "इथे आमची घरच्यासारखी काळजी घेतात." दुसऱ्यांना विचारलं. "इथे आमची घरच्यासारखी काळजी घेतात." तिसऱ्या आजी जरा अडखळल्या, तर दारातल्या बाईनं मागून सुरुवात करून दिली, "इथे आमची..."

मी शाळेत गेले नाही, पण शाळेच्या भिंतीला लागूनच माझं सासर. पाठ करून घेतलेलं मला बरोबर कळतं.

सुजातानं मात्र वक्तशीरपणाला नऊ मार्क दिले.

*

तिसरी जागा नेरूळच्या खाडीच्या अंगाला. बैठं घर, मागे पत्र्याची शेड, अंगणात वाळत घातलेल्या चादरी. दारात कुणी नाही. आत गेलो तर एक बाई बाही वर सरकवून एका म्हाताऱ्याच्या पायाची नखं काढत बसलेल्या. त्या सिस्टर शालिनी, तिथल्या मुख्य. मान वर न करता म्हणाल्या, "बसा. अजून एक पाय राहिलाय."

अर्धा तास बसलो. चहा नाही, सरबत नाही. दादाची टोपी हळूहळू कपाळावर उतरायला लागली. रागावला की त्याचं असं होतं.

सिस्टर हात धुऊन आल्या. दादानं घसा साफ केला, पण त्यांनीच विचारायला सुरुवात केली. पेशंट कुठल्या कुशीवर झोपतात? चहात साखर किती? चिडतात कशावर? रडले तर एकटं सोडलेलं आवडतं की जवळ बसलेलं? दादा माझ्या कानात म्हणाला, "ही तर नवऱ्या मुलाचीच परीक्षा घेते!"

सुजातानं तिचा प्रश्न विचारला, इथून किती जण बरे होऊन गेले?

"एकही नाही."

सुजाताचं पेन थांबलं. तिला वाटलं, बाईंना प्रश्न समजला नसेल. तिनं पुन्हा विचारला. सिस्टर म्हणाल्या, "बरे होणारे इथे येत नाहीत, ताई." सुजातानं शून्य लिहिलं.

मग सिस्टरनी शेवटचं विचारलं, "त्यांना माहीत आहे का?"

दादा म्हणाला, अल्सर म्हनून सांगितलाय, तुमी पन तेवढाच सांगा. सिस्टर म्हणाल्या की त्या स्वतःहून काही सांगणार नाहीत. "पण त्यांनी मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. ते चालत नसेल तर दुसरी जागा बघा."

*

घरी आल्यावर सुजातानं बेरीज केली. वाशी अडुसष्ट, नावडे एकसष्ट, नेरूळ एकोणचाळीस. मुलगा म्हणाला, मग वाशी. मी म्हटलं, नेरूळ.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगा म्हणाला, आई, तिथे ती बाई बाबांना सगळं सांगून टाकेल. मी म्हटलं, तुम्ही रकाने बघत होता तेव्हा मी त्या माणसांच्या टाचा बघत होते. चादर कुणीही बदलतं. पाहुणा येणार म्हणून टाचांना तेल कुणी लावत नाही. तिथे सगळ्यांच्या टाचा मऊ होत्या.

"आणि बाबांनी विचारलं तर?"

"विचारतील कसे? मी बाजूलाच बसेन. रात्रंदिवस."

*

आणि बसलेच. पलंगाशेजारी हात असलेली एक खुर्ची होती, तिच्यात मी महिनाभर मुक्काम ठोकला. औषधानं ह्यांची कळ दोन दिवसांत थांबली. भिंतीकडे तोंड करणं थांबलं. एकीकडे मला हायसं वाटलं, पण दुसरीकडे भलतीच काळजी लागली. कारण दुखायचं थांबल्यावर माणूस विचार करतो, आणि विचार केला की प्रश्न विचारतो.

म्हणून सिस्टर पलंगाजवळ आल्या की मी बोलायला लागायची. काहीही. घणसोलीची बस कशी चुकली, कुणाच्या म्हशीला काय झालं, पूर्वी खाडीत जिताडे मासे केवढाले मिळायचे. ह्यांनी तोंड उघडायच्या आत माझी दुसरी म्हैस तयार.

आठवड्यानं सिस्टरनी मला बाहेर बोलावलं. "काकू, तुमच्या गप्पांनी पेशंटचं बीपी व्यवस्थित आहे. माझं वाढलंय."

*

शेजारच्या पलंगावर कुलकर्णी सर. देशावरचे, मास्तर होते, कडक शाकाहारी. कांदासुद्धा निवडून बाजूला काढणारे.

एक दिवस ह्यांना जवळा खावासा वाटला. सुकवलेली बारीक कोळंबी, कांद्यावर परतलेली. दोन घास जातील तर जाऊ द्यात, म्हणून सिस्टरनी मला स्वयंपाकघर दिलं. तव्यावर जवळा पडला आणि वास अख्ख्या घरात फिरला. मी घाबरत ताटली घेऊन आले. सरांना म्हटलं, माफ करा, खिडकी उघडते.

सर म्हणाले, "राहू द्या. सत्तर वर्षं नाक धरून काढली. आता हात दुखतात."

त्यानंतर आठवड्यातून दोनदा तेच ह्यांना आठवण करून द्यायचे, "आज तुमचा तो नाही का?"

*

अशाच एका दुपारी मी जवळा परतायला आत गेले. दहा मिनिटं. फार तर बारा.

ताटली घेऊन येते तर दारात सिस्टर उभ्या. त्यांच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं.

"विचारलं?"

"विचारलं."

"सांगितलंत?"

"सांगितलं."

मी ताटली घट्ट धरून उभी. म्हटलं, मग काय म्हणाले? सिस्टर म्हणाल्या, त्यांनी एवढंच विचारलं, हे माझ्या बायकोला कधीपासून ठाऊक आहे. "मी सांगितलं, पाच महिने."

मी आत गेले. पलंग रिकामा. चादर हातानं सारखी केलेली. आणि हे माझ्या खुर्चीत, तिचे दोन्ही हात धरून, ताठ बसलेले. पलंगावरून खुर्चीपर्यंत कसे आले कुणास ठाऊक. मी म्हटलं, अहो, हे काय? उठा, पडा बघू.

त्यांनी पलंगाकडे बोट केलं. "झोप."

मी म्हटलं, मी? काहीतरीच काय.

"पाच महिने जागी हाइस. झोप आता. मी बसतांव."

हे एक गोष्ट तिसऱ्यांदा सांगणारे नव्हेत. मी ताटली टेबलावर ठेवली आणि आडवी झाले. त्यांनी वाकून चादर ओढून दिली, ती अर्धीच आली. त्यांचा हात तेवढाच पोचत होता. मला वाटलं, डोळे मिटून पडू जरा, त्यांच्या समाधानासाठी. आणि मी जी झोपले, ती आजूबाजूला काय चाललंय त्याची शुद्धच नाही.

जागी झाले ती एका बाईच्या आवाजानं. ह्या घराला देणगी देणाऱ्या लोकांकडून वर्षातून एकदा कुणीतरी बघायला येई, इथे काळजी नीट घेतात की नाही. त्याच मॅडम, फळीला लावलेला कागद आणि पेन घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभ्या. मी उठायला गेले, तर ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मॅडमनी ह्यांना विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

"नवरा."

"तुम्हीच असता का सोबत?"

"आजपासून."

शेजारी कुलकर्णी सरांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. सगळा जन्म मुलांना खरं बोला म्हणून शिकवण्यात गेलेला. मग त्यांनी पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला. उलटा.

मॅडम माझ्याकडे वाकल्या. आवाज हळू करून म्हणाल्या, "आजी, फार दुखतं का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याचकडे बघत होते.

म्हटलं, "दुखत व्हता. आता नाय."

मॅडमनी कागदावर खूण केली. तेवढ्यात सिस्टर आल्या, दारातच थांबल्या. मॅडम खूश होऊन त्यांना म्हणाल्या की एवढी शांत पेशंट आपण कुठेच पाहिली नाही. "तब्येतही चांगली दिसतेय यांची. घरी कधी सोडताय?"

सिस्टर ह्यांच्याकडे बघत राहिल्या.

हे म्हणाले, "घाई नाय. आधी झोपू द्या तिला."