शेवटच्या ओळीपर्यंत

आमच्या घरात कुठलाही कागद अर्धवट वाचायचा नाही, हा नियम आजोबांच्या अंगठ्यामुळे पडला. खाडीकडच्या शेताचा व्यवहार होता. बिल्डरच्या माणसाने पहिली दोन पानं वाचून दाखवली, चहा मागवला आणि आजोबांनी अंगठा दिला. तिसऱ्या पानावर मिठागराला लागून असलेला तुकडाही लिहिलेला होता, तोही गेला. आई तेव्हा घरात नवी सून होती. तिने हे असं मनावर घेतलं की पुढे लाइटबिल असो, शाळेची नोटीस असो, पूर्ण वाचून झाल्याशिवाय तिने कशाला हात लावला नाही. वाचणारी मी. "पुरा वाच. मधी सोरू नको," एवढंच ती म्हणायची. मला त्याचा गर्व होता, कबूल करते. आम्हाला कोणी फसवू शकत नाही, असं मी कॉलेजात सांगत फिरायचे.

दोन वर्षांपूर्वी आईच्या तळपायात तार घुसली. गावी, तारोडीला, उरलेल्या तुकड्यावर ती भाजी लावते, अनवाणी. साखरेमुळे पाय बधिर झालेले, त्यामुळे तार घुसल्याचं तिला दोन दिवस कळलंच नाही. जखम चिघळली तेव्हा धाकट्या भावाने तिला पूनम सागर सोसायटीत माझ्या घरी आणून सोडलं. डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आला, त्यात बहुतेक औषधांपुढे फुली. चालणारी एकच गोळी होती, रोज एक, चौदा दिवस.

"मांजी, पूरे चौदा दिन," डॉक्टर म्हणाले. "ठीक लगे तो भी बंद नहीं करना. कुछ तकलीफ हो तो पहले मुझे फोन."

घरी आल्यावर आईने गोळ्यांचा खोका माझ्यापुढे धरला. आत घडी घातलेला पातळ कागद होता, मुंगीएवढी अक्षरं. काही नाही ग त्यात, असं म्हणून मी तो केराच्या डब्यात टाकू शकले असते. टाकला नाही. चष्मा लावला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात, ओळीमागून ओळ मराठी करून वाचत गेले. टाचेमागची शीर तुटू शकते, साठीच्या पुढच्यांना धोका जास्त. साखर एकदम उतरू शकते. डोक्यात गोंधळ होऊ शकतो. हातापायांना मुंग्या येऊ शकतात, कधी कधी कायमच्या.

आईने टाच हाताने चाचपून बघितली.

"शीर तुटली तं मी चालू कशी?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "होता है, पर बहुत कम. ये नहीं ली तो हड्डी तक जाएगा, फिर पैर काटना पड़ेगा. सोच के दी है मैंने." मी हे जसंच्या तसं आईला सांगितलं.

"त्या बिल्डरच्या मानसानं बी विचार करूनच कागद आनलेला," ती म्हणाली.

मी हसले. त्यावर हसण्याची ती वेळ नव्हती, पण आईचा टोला असाच नेमका बसायचा. मग हातापाया पडून तिला गोळ्या सुरू केल्या. पाचव्या दिवशी जखम सुकायला लागली, घरातला वास गेला. सहाव्या दिवशी सकाळी उठताना तिची पोटरी धरली. मला हाक मारून ती पाय हातात धरून बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा 'बघ, मी सांगत होते' हेच जास्त होतं.

तेव्हा एक फोन करायचा होता. डॉक्टरांनी नंबर दिला होता, सांगूनही ठेवलं होतं. पण मी आधी मोबाइलवर शोधत बसले, लोकांचे भयंकर अनुभव वाचले आणि घाबरले. शिवाय पुन्हा तीच शंका काढली म्हणून डॉक्टर ओरडतील, ही भीती होतीच. "गोळी राहू दे दोन दिवस, सोमवारी बघू," असं मीच म्हणाले. आई नाही, मी. सोमवारी पोटरी बरी होती, जखम कोरडी होती, आई खूश होती. आम्ही गेलोच नाही. त्या आठवड्यात ती तारोडीला परत गेली. नऊ गोळ्या माझ्या ओट्यावर मसाल्याच्या डब्याशेजारी पडून राहिल्या.

त्या कागदातली एकही ओळ खोटी नव्हती, याचाच मला अजून संताप येतो. जमिनीच्या कागदात कुणीतरी डाव लपवलेला असतो. या कागदावर जपून राहा एवढंच लिहिलं होतं, आणि मी तो त्याच आवाजात, त्याच संशयाने वाचला. डॉक्टरांचं बोलणं कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून आमच्या घरात त्याला वजनच आलं नाही.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला. "ताई, आयच्या पायाला वास येतोय. बोटं काळी पडलीत."

हॉस्पिटलात सर्जनने पायाचा एक्स-रे उजेडावर धरला. हाड गेलं होतं. पुढचं अर्धं पाऊल काढावं लागेल, उशीर केला तर गुडघ्यापर्यंत. आई ऐकत होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही, आणि ते बरं झालं, कारण मला तिची नजर झेपली नसती.

थोड्या वेळाने नर्स संमतीचा कागद घेऊन आली. चार पानं, इंग्रजीत. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसले, चष्मा लावला, आणि सवयीने पहिल्या पानाची पहिली ओळ वाचायला सुरुवात केली. आईने हात पुढे करून पानावर ठेवला.

"न्हाय. नको वाचू. सही कुठं करू तं सांग."

सही तिला मीच शिकवली होती, मी चौथीत असताना, तिच्यावर कधी अंगठा द्यायची वेळ येऊ नये म्हणून. मी शेवटचं पान उघडलं आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. तिने माझ्या बोटाखाली सावकाश सही केली.