दुसऱ्या रांगेतून

"आज चहा लवकर मिळणार बघा," माझ्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले. "प्रश्नवाले मामा गेले ना."

"व्हय की," शेजारी म्हणाला. "पण माणूस विचारायचा भारी. अलीकडं तर लईच खोलात शिरायला लागला होता."

औरंगपुऱ्यातल्या त्या लहानशा हॉलमध्ये मी दुसऱ्या रांगेत बसले होते. डावीकडच्या खुर्चीवर मामाची कापडी पिशवी होती. मामा जाऊन महिना झाला होता. मामी म्हणाली होती, "जा गं, शनिवार आहे," म्हणून मी आले. पिशवी का घेतली ते मला सांगता येणार नाही. कदाचित ती खुर्ची दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून. मागे वळून त्या गृहस्थांना काही सांगावं असं फार वाटलं. वळले नाही. मी वळणाऱ्यांतली नाही.

दिनकरमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. औषधाच्या कंपनीत होता. कन्नड, सिल्लोड, खुलताबाद... आयुष्यभर चामड्याची बॅग घेऊन एसटीनं डॉक्टरांच्या दारात जाऊन बसायचं. पेशंट संपल्याशिवाय आत बोलवत नसत. "त्या बाकड्यांवर बसून बसून मी वाचक झालो," असं तो सांगायचा. रिटायर झाल्यावर त्यानं स्वतःचा आठवडा लावून टाकला होता. सोमवारी फुटबॉल बघायचा, मंगळवार-बुधवार वाचायचं, गुरुवारी सिडकोतल्या एका गाण्याच्या मास्तरांकडे बैठक, शनिवारी जिथे कुठे पुस्तकाचा कार्यक्रम असेल तिथे दुसरी रांग आणि रविवारी सकाळी आमखास मैदान. "आणि शुक्रवारी?" असं कुणी विचारलं की मामी आतून म्हणायची, "शुक्रवारी माझी भाजी आणतात. तेवढा एक वार माझ्या नावावर आहे."

त्याच्या आठवड्यात मी शिरले ती माझ्या न बोलण्यामुळे. मी इंग्रजी शाळेत शिकले. पाहुणे आले की म्हणायचे, "बोल गं काहीतरी इंग्लिशमधी," आणि माझी वाचा बसायची. मराठीत बोलावं तर एकोणसत्तर आणि एकोणऐंशीमध्ये माझा घोटाळा व्हायचा आणि चुलतभाऊ हसून लोळायचे. दोन्हीकडून अडचण, म्हणून मी गप्प राहायला शिकले. मामाला परदेशातली रविवारची मॅच सोमवारी संध्याकाळी रेकॉर्डिंगवर बघायची असायची, निकाल माहीत नसताना. त्यासाठी सोमवारी दिवसभर तो पेपर उघडायचा नाही, फोन घ्यायचा नाही, गल्लीतल्या पोरांना लांबूनच हात जोडायचा. घरात कुणालाही बरोबर बसू द्यायचा नाही, कारण कुणीतरी बोलून जायचंच. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा पहिल्याच सोमवारी त्यानं मला सोफ्यावर शेजारी बसवलं आणि मामीला सांगितलं, "ही एकटी भरवशाची. हिच्या पोटातून काही बाहेर येत नाही." माझ्या गप्प असण्याचं कुणी कौतुक केलं, असं ते पहिल्यांदाच झालं होतं.

मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. रविवारी मामा मला मैदानावर न्यायचा आणि मी कडेला चपला सांभाळत बसायचे. तिथे साठीच्या आसपासची पाचसहा माणसं तरुण पोरांमध्ये मिसळून खेळत. पूर्वी शाळेच्या संघाला शिकवणारे रफिकचाचा त्यांचे म्होरके. पहिल्यांदा माझ्या लक्षात आला तो आरडाओरडा. ज्याच्या पायात बॉल तो एकटा गप्प आणि बाकी सगळे ओरडतायत. घरी येताना मी विचारलं, इतकं का ओरडता? मामानं स्कूटर हळू केली. फुटबॉल आणि गाणं या दोन विषयांसाठी तो नेहमी स्कूटर हळू करायचा.

"अगं, बॉल पायात असला की माणसाला मागचं दिसत नाय. तो बिचारा खाली बघत असतो. म्हणून ज्याच्याकडं बॉल नाय, त्यानं बोलायचं. पण आधी कुठून बोलतोय ते सांगायचं. डावीकडं, मागं, असं. नुसता गलका केला तर तो भांबावतो."

हा नियम तो मैदानाबाहेरही पाळायचा. गाणाऱ्याच्या पायात बॉल असतो, म्हणून ऐकणाऱ्यानं दाद द्यायची. व्याख्यात्याच्या पायात बॉल असतो, म्हणून कुणीतरी प्रश्न विचारायचा. कार्यक्रमाच्या शेवटी "कुणाला काही विचारायचं आहे का?" असं म्हटल्यावर जी शांतता पसरते, ती त्याला सहन व्हायची नाही. "इतकं लिहून आणलं, वाचलं, आणि समोरून हूं की चूं नाय. तो माणूस घरी जाऊन जेवत असंल का गं?" मग तो उभा राहायचा. सभागृहात पंचवीस माणसं असली तरी नेहमी एकच सुरुवात करायचा, "मी दुसऱ्या रांगेतून बोलतोय." लोक हसायचे. दिसतंय की सगळ्यांना, म्हणायचे. मीसुद्धा मान खाली घालायचे. मैदानातलं ते वाक्य त्यानं तिथे आणलंय, हे मला ठाऊक असूनही.

त्याला ऐकू येईनासं झालंय, हे मला मैदानावरच कळलं. बॉल घेऊन तो मजेत पुढे चालला होता, मागून एक पोरगा धावत आला आणि अलगद बॉल काढून घेऊन गेला. रफिकचाचा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "क्या मामू! कित्ता चिल्लाया मैं, पीछू है पीछू है! शादी में आए क्या इधर?" मामा हसला, "विचारात होतो रे." पुढच्या रविवारी तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. परत येताना मी स्कूटरवर मागे बसून त्याच्या डाव्या कानाशी हळूच हाक मारली. उत्तर नाही. उजव्या कानाशी मारली, तर म्हणाला, "कळलं ना तुला? मामीला सांगू नको. कानाला मशीन लावायला लावंल."

मामीला अर्थातच कळलं. मशीन आलंही. मामानं ते दोन गुरुवार वापरलं आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिलं. "यातून तबला ऐकला की मोरीत भांडी पडल्यासारखं वाटतंय," म्हणाला. तेव्हापासून मी त्याच्या उजव्या बाजूला बसायला लागले. मंगळवारी-बुधवारी त्याच्या कानाशी पुस्तक वाचायचे. तोवर मी मराठी ओळीखाली बोट ठेवून वाचत होते. मोठ्यानं वाचताना अडखळायचे, पुन्हा मागे जायचे. त्यानं कधी सुधारलं नाही. अडखळले की डोळे मिटूनच "येऊ दे, येऊ दे" म्हणायचा, जशी काही मी रस्ता ओलांडत होते. मामी चहा ठेवताना म्हणायची, "काय कानात कान घालून बसलाय दोघं? लग्न जुळवताय का कुणाचं?" मी आज ही जी मराठी लिहितेय ती त्या कानाशी बसून आलेली आहे.

गुरुवारच्या बैठकीत आमचं वेगळं ठरलं होतं. समेची जागा आली की मी त्याच्या मनगटावर बोट टेकवायचं आणि त्यानं "वाह!" म्हणायचं. समेचा हिशोब त्यानंच मला पूर्वी जेवणाच्या टेबलावर चमच्यानं शिकवला होता. तो "वाह" म्हणाला की गाणारा मान लववायचा. त्यातली अर्धी मान आपली आहे, असं मला गुपचूप वाटायचं. एकदा परभणीहून आलेली एक तरुण गायिका होती. नुसते आलाप चालले होते. एका स्वरावर ती जाऊन थांबली, जरा खाली उतरली, पुन्हा तिथेच आली... आणि माझं बोट त्याच्या मनगटावर टेकलं. मी ठरवून टेकवलं नव्हतं. मामा मोठ्यांदा म्हणाला, "क्या बात है!" ती दचकली, आमच्याकडे बघून हसली आणि तीच जागा तिनं पुन्हा घेतली.

परत येताना स्कूटर हळू झाली.

"तिथं सम नव्हती."

"नव्हती," मी म्हणाले.

"तबला तर सुरूच झाला नव्हता गं. तबलजी बसला होता डबी उघडून सुपारी खात. मग?"

"आवडलं."

"मग बरोबर होतं," असं म्हणून त्यानं वेग वाढवला.

प्रश्नांचंही असंच झालं. एका शनिवारी भाषण संपलं आणि मामा माझ्याकडे वळून कुजबुजला. ऐकू न येणाऱ्या माणसाची कुजबूज म्हणजे तीन रांगांना ऐकू जाईल अशी. "मला निम्मं कळलं नाय. तुला काय विचारावं वाटतंय?" त्याला गप्प करण्यासाठी मी घाईघाईनं त्याच्या कानात सांगितलं. तो उभा राहिला. "मी दुसऱ्या रांगेतून बोलतोय," आणि माझा प्रश्न जसाच्या तसा, फक्त खणखणीत आवाजात. व्यासपीठावरचे लेखक म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं." मग तीच आमची पद्धत झाली. मी डावीकडे वाकायचं, सांगायचं, त्यानं उठायचं. लोक चहाच्या वेळी त्याला गाठायचे, "मामा, प्रश्न एकदम वरच्या दर्जाचा!" आणि तो कप हलवत निर्लज्जपणे सांगायचा, "हां, जरा वाचन वाढवलंय." माझ्याकडे बघायचा. मी बिस्किटाकडे बघायचे. एकदा त्यानंच विचारलं, "सांगू का लोकांना, कुणाचे आहेत?"

"नको."

"बरं. तुला वाटंल तेव्हा तू सांग. माझं काय जातंय, मला फुकटात मोठेपणा मिळतोय."

थंडी ओसरत असताना एका शुक्रवारी मामीची भाजी घेऊन जिना चढताना तो पायरीवर बसला तो उठेना. हॉस्पिटलमध्ये मला आत सोडलं तेव्हा त्याचा चष्मा काढलेला होता, मशीन तर घरीच. खोलीत आणखी चारजण, त्यांची माणसं, नर्स. मी त्याच्या उजव्या बाजूला गेले आणि कानाशी म्हणाले, "मामा, मी मनू." त्याला ऐकू आलं नाही. "काय?" म्हणाला. सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. मला मोठ्यानं बोलवेना. मला खूप काही सांगायचं होतं... मी त्याचं मनगट धरलं आणि त्यावर बोट टेकवलं. त्याचे ओठ हलले. "वाह," म्हणाला. दुसऱ्या दिवशी शनिवारी तो गेला. रफिकचाचा मैदानावरची सगळी माणसं घेऊन आले होते. मामीसमोर बसून म्हणाले, "भाभी, कुछ बी बोलो, मेरा आवाज तो वो सुनताइच नै था."

तर तो परवाचा शनिवार. व्यासपीठावर कन्नडहून आलेली माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिचा पहिला कवितासंग्रह. आत येतानाच मी पाहिलं होतं, शेवटच्या रांगेत तिचे वडील मांडीवर पिशवी घेऊन बसले होते आणि परतीच्या एसटीसाठी सारखे घड्याळ बघत होते. तिनं कविता वाचल्या. एक आठवडी बाजारावरची होती. भाजी विकून झालेली बाई रिकामी टोपली घेऊन घरी निघते. ती टोपली काखेला न मारता ती डोक्यावरच घेते, मान ताठ ठेवून, जशी काही अजून भरलेलीच आहे. मुलीचा आवाज कापत होता, पण त्या ओळींना तो स्थिर झाला. माझं बोट खुर्चीच्या हातावर टेकलं. तिथे मनगट नव्हतं.

कार्यक्रम संपला. संयोजक म्हणाले, "कुणाला काही विचारायचं असेल तर..." आणि सवयीनं त्यांची नजर दुसऱ्या रांगेतल्या त्या खुर्चीकडे गेली, पिशवीवर थांबली आणि खाली वळली. ती शांतता पसरली. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, चहाच्या कपांचा आवाज आला. मुलगी टेबलावरचं आपलं पुस्तक सरळ करत होती. सरळ होतंच ते, तरी पुन्हा करत होती. मान खाली. मी वळून पाहिलं. तिच्या वडिलांनी घड्याळ बघणं थांबवलं होतं आणि ते आमच्या सगळ्यांच्या पाठींकडे बघत होते. ही घरी जाऊन जेवेल का, असं माझ्या मनात आलं.

मला त्या टोपलीबद्दल विचारायचं होतं. ती डोक्यावरच का? सवय की अभिमान, की खाली ठेवली तर ती रिकामी आहे हे बाईला स्वतःला दिसेल म्हणून? मी डावीकडे वाकले. तोंड उघडलंसुद्धा. समोर कापडी पिशवीचे बंद होते, त्याच्या हातानं मळलेले, आणि आत त्यानं निम्मं ऐकलेलं एक पुस्तक.

मी सरळ झाले. हात वर केला. मग उभी राहिले. खुर्ची फरशीवर करकरली, मागचं बोलणं थांबलं आणि त्या मुलीनं मान वर करून हॉलभर पाहिलं, हात कुणाचा ते शोधत. चहासाठी उठलेल्या पुढच्या रांगेआड तिला मी सापडेना.

"मी," म्हणाले, पण ते मलाच जेमतेम ऐकू आलं. पुन्हा म्हणाले, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं,

"मी दुसऱ्या रांगेतून बोलतेय."