वाल सोलताना

सिंगापूरला गेले तेव्हा वाटलं होतं, आपली माणसं पुष्कळ असतील. होतीही, पण सगळी बँकांमधून, आणि राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला. आमचा फ्लॅट वुडलँड्सला, अकराव्या मजल्यावर. नवरा सकाळी सातला जायचा तो रात्री जेवायलाच घरी. मुलगी शाळेत. दुपारी मी कपडे वाळत घालताना स्वतःशी बोलायची, तेही मोठ्याने, आवाज विसरायला नको म्हणून.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. ‘वरण घेतेस?’ म्हटलं की तिथल्या पोरांच्या ढंगात ‘डोन्ट वॉन्ट लाह.’ पाच वर्षांची होती तेव्हा माझ्याशी तासन्‌तास मराठीत भांडायची. ते भांडण कुठे गेलं ते मला कळलंच नाही. तिची मराठी गेली तर या घरात मी कायमची मुकी होणार, अशी भीती मला वाटायची.

म्हणून मी रविवारचा मराठी वर्ग काढला. आमच्याच हॉलमध्ये, सतरंजी घालून. सुरुवातीला सात मुलं आली. मी खास पुणेरी शिस्तीची बाई. बाराखडी घोटून घ्यायची, एकेकाला उभं करून श्लोक म्हणायला लावायची, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. चार महिन्यांत तीनच मुलं उरली, आणि त्यातली एक माझीच, पळून जायला जागा नसलेली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

त्याच सुमारास समोरच्या फ्लॅटमध्ये एक बाई खोली भाड्याने घेऊन राहायला आली. कॅनडाच्या उत्तरेकडची, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, क्री समाजाची. शिक्षिका होती, कसल्याशा अभ्यासक्रमासाठी वर्षभर आली होती. तिच्या गावाला रस्ताच नाही, छोट्या विमानाने जायचं. ती उकाड्याने हैराण आणि मी शांततेने. लिफ्टसमोर हसता हसता ओळख झाली. बोलणं अर्थातच इंग्रजीतून.

एका रविवारी तिला वर्ग बघायला बोलावलं, जरा मिरवायलाच. ती तासभर कोपऱ्यात बसली, चिवडा खाल्ला. मुलं गेल्यावर तिने मला विचारलं, “तुम्ही मुलांबरोबर काम कोणतं करता?”

प्रश्न मला मिरचीसारखा झोंबला. हा वर्ग आहे, कारखाना नव्हे, असं मी जरा फणकाऱ्यानेच सांगितलं. पुढे आठवडाभर मी तिला टाळलं.

मग एका दुपारी तीच आली. मी बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत दाबायचा, साल सुटतं. वेळखाऊ काम. माहेरी आम्ही पाचसहा बायका परातीभोवती बसायचो, इथे मी एकटी. तिने काही विचारलं नाही. शेजारी बसली, थोडा वेळ माझी बोटं पाहिली आणि हात घातला. पहिले चारपाच दाणे चेपले. मी सवयीने तोंड उघडलं आणि कसंबसं मिटलं.

सोलता सोलता ती बोलत होती. त्यांच्याकडे वसंतात रानहंस येतात तेव्हा शाळा बंद ठेवतात आणि मुलं आजीआजोबांबरोबर रानात जातात. तंबूत म्हाताऱ्या पिसं काढत बसतात. मुलांना कोणी बोलवत नाही, असं कर म्हणून सांगतही नाही. पोरं येतात, बघतात, केव्हातरी हात घालतात. आजी काम करताना जे बोलते तीच त्यांची भाषा होते. तिच्या आईला मात्र लहानपणी दूरच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं होतं. तिथे आपली भाषा बोललं की मार बसायचा. आई परत आली ती मुलांशी इंग्रजीच बोलायला लागली. ही स्वतः तिशीत मावशीजवळ बसून क्री शिकली. “आई वारली तेव्हा तिच्याशी मला क्रीत एक वाक्यसुद्धा बोलता येत नव्हतं,” ती म्हणाली आणि पुढचा दाणा उचलला.

वर्षअखेरीला ती गेली. मी वर्गही बंद केला. पालकांना तसं कळवलं; पुन्हा कधी सुरू करणार, असं एकानेही विचारलं नाही. त्याचं फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण दर शनिवारी सकाळी हॉलच्या मधोमध वर्तमानपत्र पसरून मी वाल घेऊन बसू लागले. मुलीला बोलावलं नाही. माझ्यासाठी न शिकवता बसणं म्हणजे निर्जळी उपासच. पहिले दोन शनिवार ती मला ओलांडून फ्रिजकडे गेली. तिसऱ्या शनिवारी जवळ येऊन बसली, हातातला गेम खेळली आणि उठून गेली. मी आपली वालांनाच सांगत बसले, माझी आई बिरड्यात गूळ किती घालायची, काकू कशी चोरून डाळिंब्या खायची.

चौथ्या शनिवारी तिने हात घातला. दाणे चेपत होती. मी चूक दाखवली नाही, छानही म्हटलं नाही. बराच वेळ गेला. मग खाली बघतच ती म्हणाली, “आई, मी शाळेत असते तेव्हा तू कोणाशी बोलतेस?”

सबंध वाक्य, मराठीत. किती वर्षांनी, मला आठवेना. मी आनंदाने टाळ्या पिटायला हव्या होत्या, पण माझ्याच चिमटीतला दाणा चेपला गेला. खरं उत्तर ‘कोणाशीच नाही’ असं होतं. बारा वर्षांच्या पोरीला ते सांगावं की नाही, मला ठरवता येईना. शेवटी सांगितलं.

तिने मान हलवली. ती उठली नाही, शेवटचा वाल संपेपर्यंत सोलत राहिली.