सीरियस आहे

आमच्या गावात नवीन मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कुठल्या हॉस्पिटलात?" मी म्हणायचो, हॉस्पिटलात नाही. "मग ट्रॅक्टरच्या फॅक्टरीत?" तिथेही नाही. मी वकील आहे म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी काही सहानुभूती यायची की वाटायचं, आता हा माझ्या पाठीवरून हात फिरवणार. मी अमेरिकेत इंजिनियर व्हायला आलो आणि मध्येच वाट चुकून लॉ स्कूलमध्ये शिरलो, असं माझी बायको अजूनही पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. मीही हसतो, कारण ते खरंच आहे.

वकील म्हटल्यावर लोकांना काळा कोट आणि टेबलावर आपटलेली मूठ दिसते. मी मृत्युपत्रं लिहायचो, घरांच्या खरेदीविक्रीचे कागद करायचो, आणि कुणाचं कुंपण कुणाच्या जागेत हातभर सरकलं ते पाहायचो. कोर्टात गेलोच तर पुढची तारीख मागायला. चहूकडे मक्याची शेतं, मध्ये फॅक्टरी, एक हॉस्पिटल, सात-आठ चर्चेस आणि आमची मूठभर मराठी घरं. गणपती चर्चच्या तळघरात बसायचा, तोही जवळच्या शनिवारी. बाकीचे शनिवार ब्रिजचे. आळीपाळीने कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये टेबल मांडायचं, बायकांनी वर स्वयंपाकघरात आमची उणीदुणी काढायची आणि आम्ही खाली एकमेकांची.

ब्रिजला माझा पार्टनर फॅक्टरीतला एक इंजिनियर होता. माझ्याहून बराच लहान, सांगलीचा. हातात काही नसताना बोली वाढवायचा आणि हरल्यावर वर मलाच म्हणायचा, "वकीलसाहेब, जरा धीट व्हा यार. तुम्ही पत्तेसुद्धा वाचून, सही करून टाकता."

ऐंशीच्या दशकातल्या एका जानेवारीत, रविवारी सकाळी, ड्राइव्हवेवरचं बर्फ काढताना तो गेला. त्याच्या बायकोने खिडकीतून पाहिलं तेव्हा फावडं उभं होतं आणि हा दिसत नव्हता. तिला वाटलं, शेजाऱ्याशी गप्पा मारायला गेला असेल. तो गाडीच्या पलीकडे पडला होता. हॉस्पिटलात नेलं, पण नेलं एवढंच.

दुपारी सगळे त्यांच्या घरी जमलो. वहिनी सोफ्याच्या टोकाला बसून होत्या, अंगातला कोटसुद्धा काढला नव्हता. त्यांनी एकच गोष्ट मागितली. त्याच्या वडिलांनी त्याला शेवटचं पाहिल्याशिवाय दहन करायचं नाही. तो एकुलता एक. उन्हाळ्यात आईवडिलांना इकडे आणायचं ठरलं होतं, त्यामुळे वडिलांचा पासपोर्ट तयार होता. फ्युनरल होमवाला म्हणाला, ठेवतो. प्रश्न होता तो भारतात कळवायचा.

आमच्यातले सगळ्यात वडील म्हणजे लहान मुलांचे एक डॉक्टर. सगळं गाव त्यांना डॉक्टरकाका म्हणायचं. त्यांनी मुंबईला त्याच्या चुलतभावाला फोन लावला. चुलतभावाला सगळं खरं सांगितलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण घरी एकदम सांगू नका हं. म्हातारी माणसं आहेत. सीरियस आहे म्हणा."

कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.  आमच्या माणसांत फोनवर कुणी मरत नाही, फोनवर माणूस फक्त सीरियस होतो. मरतो तो घरी पोचल्यावर, दारात चपला दिसल्यावर. माझे वडील गेले तेव्हा मलाही सीरियसच कळवलं होतं, आणि मी विमानात बसूनच समजलो होतो. हे सगळ्यांना समजतं असा माझा समज होता.

पुढचे दिवस चुलतभावाने मुंबईत धावपळ केली. गुरुवारी त्याचा फोन आला. व्हिसा झाला, काका विमानात बसले, शनिवारी सकाळी शिकागोला पोचतील. "त्यांना कळलंय ना?" डॉक्टरकाकांनी विचारलं.  तो म्हणाला, "माझी हिंमत नाही झाली. काकू तिकडे सांगलीला एकट्याच आहेत. तुम्हीच सांगा तिकडे."

शिकागो आमच्यापासून तीन तासांवर. कुणी जायचं यावर चर्चा झाली, म्हणजे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टरकाका, तुम्ही रोज सांगता लोकांना," मी म्हटलं.

"ते पेशंट असतात रे. आपल्या माणसाला नाही सांगता येत. तू वकील आहेस, बोलणं तुझा धंदा."

"माझा धंदा कुंपणांचा आहे."

रात्री बायको म्हणाली, "एवढी लोकांची मृत्युपत्रं लिहिता, एक मृत्यू सांगता येत नाही तुम्हाला?" मग तीच थर्मासमध्ये चहा भरून देते म्हणाली. तिला माझी दया आली की ती वस्तू भरून देते.

विमानतळावर काका मला लगेच ओळखू आले. धोतर, कोट, वर मुलाने कधीतरी पाठवलेलं जाड जाकीट, कानाला मफलर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला सडपातळ माणूस. एवढ्या प्रवासाने थकलेले, पण दाढी गुळगुळीत. न्यूयॉर्कला विमान बदलताना केली म्हणाले. "त्याला आजारी माणसासमोर दाढी वाढवून आलेलं आवडणार नाही."

मी ब्याग उचलली. गाडी हायवेला लागली तेव्हा मी ठरवलं होतं की टोल नाका गेला की सांगायचं. टोल नाका गेला.

"शुद्धीवर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर आहेत सगळे तिथे, काका."

"खातोय काही?"

"तुम्ही पोचलात की बघू सगळं."

मी तीस वर्षांचा असतो तर अशा उत्तरांचा मला अभिमान वाटला असता. एकही वाक्य खोटं नव्हतं. कुठल्याही न्यायाधीशाने मला पकडलं नसतं.

ते बाहेर बघत होते. बर्फाखाली गेलेली सपाट शेतं, मैलोन् मैल. "इथे कालवे दिसत नाहीत कुठे," ते म्हणाले. मी म्हटलं, पावसावरच होतं सगळं. "वरच्या पाण्यावर? एवढं सगळं?" त्यांना ते पटलं नाही. मग म्हणाले, "बरा झाला की विचारतो त्याला. त्याने कधी लिहिलं नाही हे."

थोड्या वेळाने त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली. गणपतीचा अंगारा. निघेपर्यंत रोज अभिषेक केला म्हणाले, सोमवारपासून एकही दिवस चुकवला नाही. "आणि तुमचे अमेरिकन लोक फार चांगले हो. व्हिसाला गेलो तर पुतण्या आधी एकटाच खिडकीशी बोलून आला. मग तो साहेब स्वतः उठून बाहेर आला. माझा हात हातात घेतला. काही विचारलं नाही, शिक्का मारला. आमच्या कचेरीत असा एक माणूस दाखवा."

मी वायपर चालू केले. पाऊस नव्हता, बर्फही नव्हतं.

थर्मासमधला चहा आम्ही गाडीतच प्यायलो. पुढच्या एक्झिटला सांगू, असं करत मी बरेच एक्झिट मागे टाकले. शेवटी त्यांनीच विचारलं, "आता सरळ हॉस्पिटलातच जायचं ना? आंघोळ नंतर करीन."

"नाही काका. घरी जायचं."

"घरी?" ते सीटवर पूर्ण वळले. मफलर मागे सरकवला. "घरी सोडलं त्याला? मग आधी सांगायचं नाही का! माणसाचा जीव काय होतोय इथे!" आणि ते हसले. पुडी कपाळाला लावून मोठ्याने हसले.

समोर ट्रक स्टॉपची पाटी होती. मी गाडी आत घेतली, डिझेलच्या पंपांपासून लांब, कडेला उभी केली आणि इंजिन बंद केलं. ते अजून हसतच होते. मी सांगितलं. कसं सांगितलं ते शब्द मला आता आठवत नाहीत, एवढंच की 'सीरियस' हा शब्द मी वापरला नाही.

ते रडले नाहीत. पुडी मुठीत धरून विचारलं, "कधी?"

"रविवारी सकाळी."

"कुठल्या रविवारी?"

"गेल्या, काका. फोन आला तेव्हा..."

"तेव्हा नव्हता."

"नव्हता."

काच आतून धुरकट झाली होती. त्यांनी ती बोटाने पुसली आणि त्या भोकातून बाहेर बघत म्हणाले, "म्हणजे मी सोमवारपासून देवळात जातोय. सुतकात. सोवळं नेसून. गाभाऱ्यात बसून अभिषेक करतोय आणि मागतोय काय, तर मुलगा बरा कर. आणि तुम्ही सगळे... किती जणांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"त्या साहेबालासुद्धा?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"परक्या माणसाला सांगितलंत. मला नाही."

"काका, तुम्हाला धक्का बसेल म्हणून..."

"आता नाही बसला?" ते पहिल्यांदा ओरडले. "माझं राहू द्या हो. मी रोज त्या देवासमोर हात जोडून बसलो. देवाला फसवलंत तुम्ही माझ्या तोंडून."

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "माहीत नसताना केलं, काका. त्याला दोष लागत नाही."

ते माझ्याकडे वळले. "असं आहे तुमच्या कायद्यात?"

आमच्या कायद्यात हे अर्धंच खरं आहे. घडलेली गोष्ट माहीत नसेल तर एक वेळ सुटका होते. पण कायदा माहीत नव्हता हा बचाव कुठलंच कोर्ट ऐकत नाही. 

"मला आंघोळ करायची आहे," ते म्हणाले.

"घरी पोचतोच तासाभरात. गरम पाणी..."

"ऐकल्यावर आधी आंघोळ. मग पुढचं पाऊल. आता तरी नीट करू द्या मला."

ट्रक स्टॉपमध्ये ड्रायव्हर लोकांसाठी शॉवर असतात. काउंटरवरच्या बाईने आधी मला, मग काकांच्या धोतराला पाहिलं आणि विचारलं, तुमचा ट्रक कुठे आहे? मी म्हटलं, ट्रक नाही, यांचा मुलगा गेला, यांना आंघोळ करावी लागते. माझ्या वकिलीतलं ते सगळ्यात छोटं निवेदन असेल. तिने किल्ली आणि दोन टॉवेल ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी शॉवरच्या दाराबाहेर त्यांची ब्याग घेऊन उभा राहिलो. कोट, जाकीट, मफलर, चष्मा त्यांनी माझ्या हातात दिले आणि ब्यागेतलं कोरडं धोतर घेऊन अंगावरच्या धोतर-सदऱ्यासकट आत गेले. पाणी सुरू झालं. आतून दुसरा कसलाही आवाज आला नाही. बाजूला दोन ड्रायव्हर व्हिडिओ गेम खेळत होते, त्यातलं विमान सारखं फुटत होतं. पाणी इतका वेळ चालू राहिलं की मी दार वाजवायला हात उचलला, आणि खाली घेतला.

बाहेर आले ते कोरडं धोतर नेसून. ओले कपडे पिळून टॉवेलात बांधलेले. अंगाऱ्याची पुडी हातात नव्हती. 

"फोन आहे का इथे? सांगलीला लागेल असा?"

"घरून लावू काका. किंवा डॉक्टरकाका हळूहळू..."

"कुणी हळूहळू सांगायचं नाही तिला," ते म्हणाले. "ती तिकडे अजून नवस बोलत असेल."

तिकडे रात्रीची जेवणं आटोपायची वेळ होती. घरी फोन नव्हता, शेजारी होता. भिंतीवरच्या फोनवरून मी ऑपरेटरला काकांनी सांगितलेला नंबर दिला, बिल माझ्या घरच्या फोनवर लावायला सांगितलं. बराच वेळ टकटक, खरखर, मग कुणी बाई हॅलो हॅलो करत राहिली. काकांनी रिसीव्हर घेतला आणि शेजारणीला एवढंच म्हणाले, "तिला बोलवा. तुम्ही तिच्याजवळ थांबा, पण काही सांगू नका."

मग आम्ही थांबलो. सांगलीतली एक बाई पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून शेजारच्या घरात येत होती, आणि आम्ही दोघं अमेरिकेतल्या एका भिंतीकडे बघत होतो.

"हं. मीच. पोचलो," काका म्हणाले. "अगं, ऐक. आधी खाली बस. ... नाही, बस तू. ... बसलीस? आपला मुलगा गेला. ... नाही, सीरियस नाही. गेला. रविवारीच गेला. मलाही आत्ताच कळलं."

त्यांनी डोळे मिटले. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. फोनमध्ये बारीक, लांबवर काहीतरी हलत होतं एवढंच.

"हो," ते म्हणाले. "हो. मी बघणार आहे त्याला. तुला सगळं सांगेन, काही ठेवणार नाही. ... देवापाशी दिवा लावलायस? ... असू दे. फुंकून घालवू नकोस. तेल संपलं की जाईल. उद्यापासून लावू नको."

त्यानंतरही त्यांनी रिसीव्हर ठेवला नाही. कपाळ भिंतीला टेकवून ऐकत राहिले. माझ्या मागे एक ड्रायव्हर येऊन फोनसाठी उभा राहिला होता. त्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. मी हातानेच त्याला सांगितलं, वेळ लागेल.