विहीणबाई वगळून

माझ्या विहीणबाई माझ्यावर पाळत ठेवून आहेत, हे मला एका कुरडईच्या फोटोवरून कळलं.

तसा मी जात्याच संशयी. (ज्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, ते आमच्या शेवगावपासून तासाभराच्या वाटेवर. पण तिकडचा वारा माझ्या अंगाला कधी लागला नाही. मी कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो आणि चौथ्यांदा बायकोला ओढायला लावतो.) त्यात सगळी नोकरी साखर कारखान्यात हजेरी कारकून म्हणून गेली. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण अंगठा उठवून मागच्या दारानं सटकलं, हे हुडकण्यात केस पांढरे झाले. असल्या माणसाच्या हाती निवृत्तीनंतर मोबाईलचं स्टेटस आलं. आपण फोटो टाकायचा, आपला नंबर असलेल्यांना तो चोवीस तास दिसायचा, मग आपोआप पुसला जायचा. आणि खाली यादी! कुणी बघितलं, किती वाजता बघितलं! अहो, हे तर हजेरीपत्रकच! मी हरखून गेलो.

निमित्त होतं सुनंदाच्या कुरडयांचं. सुनंदा म्हणजे आमची सौभाग्यवती. आजवर तिनं सगळ्या गोतावळ्याला कुरडया फुकट खाऊ घातल्या. यंदा मात्र शेजारच्या दोघींना हाताशी धरून तिनं चाळीस किलो गहू भिजत घातला आणि जाहीर केलं, "ह्या वर्षी फुकट कुनालाबी न्हाई. इकायच्या!" आठ दिवस आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वाळलेल्या कुरडयांचे डबे कपाटावर, पलंगाखाली, टीव्हीच्या मागं. माझी गादीसुद्धा ओसरीत आली.

"पाऊस लागायच्या आत खपल्या पायजेत," सुनंदा म्हणाली. "एकदा का सादळल्या, की कोन घेतंय? आन ह्या जर घरात पडून ऱ्हायल्या, तर परत आयुष्यात गव्हाला हात लावनार न्हाई मी. सांगून ठिवते."

"तू काळजीच सोड. जाहिरात माझ्याकडं!"

"तुमच्याकडं हाय म्हनूनच काळजी हाय."

मी कामाला लागलो. पहिल्याच दिवशी बावीस स्टेटस टाकली. भिजलेला गहू, दळलेला गहू, गव्हाचा चीक, चिकात सुनंदाचा हात, सोऱ्या, सोऱ्याचं झाकण. मधे मधे सुविचार आणि एका पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. (त्या आमच्याकडं टाकाव्याच लागतात. नाही टाकल्या तर लोकांना संशय येतो.) शेवटचा फोटो तळलेल्या कुरडईचा. तो जरा हलला होता, त्यामुळं कुरडई ढगासारखी दिसत होती. भाव लिहिला नाही. उगाच आपला भाव फुटायला नको! फोन नंबरही दिला नाही. ज्याला स्टेटस दिसतंय त्याच्याकडं नंबर असणारच की!

एकशे त्रेचाळीस जणांनी बघितलं. मागणी? शून्य.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग मी वही काढली. रोजची हजेरी त्यात उतरवून घेऊ लागलो आणि चार दिवसांत एक गोष्ट माझ्या सराईत नजरेनं टिपली. यादीत पहिलं नाव रोज एकच. मी सकाळी सहाला टाकलं तर सहा वाजून एक मिनिटाला. रात्री नवाला टाकलं तर नऊ वाजून एक मिनिटाला. कोण? तर संगमनेरच्या विहीणबाई! आमच्या अर्चनाच्या सासूबाई!

"सुनंदा, ह्या बाईंच्या मनात काहीतरी आहे."

"आवं, मायेनं बघत असत्याल."

"माया? लग्नात रुखवतावरच्या कुरडया बघून काय म्हणाल्या होत्या त्या, विसरलीस? 'जरा बारीकच पडल्यात नव्हं?' खोड काढायला टपल्यात! नाहीतर कृती चोरताहेत."

"गव्हाचा चीक काढायला चोरी कशाला करावी लागती?"

पण पाचव्या दिवशी पुरावाच मिळाला. विहीणबाईंनी स्टेटसखाली लिहिलं, 'भाव काय?' म्हणजे बघा! घ्यायचं नाही, नुसता भाव काढायचा आणि संगमनेरभर सांगत सुटायचं! मी काही भाव दिला नाही. नुसते हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पुन्हा प्रश्न आला, 'किती किलो हायत?' मी पुन्हा हात जोडले.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं की विहीणबाईंना यादीतून काढायचं. सेटिंगमध्ये गेलो. तिथं तीन गोल होते. मी एक दाबला, समोर सगळ्यांची नावं आली, विहीणबाईंच्या नावावर बोट ठेवलं, हिरवी खूण आली. संपली पाळत! आता मोकळं रान मिळाल्यावर मनातलं ओकून टाकायला काय हरकत होती? लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत मी स्टेटस टाकलं:

'काही लोक नुसतं बघतात. घेत काहीच नाहीत. असल्यांचीच नजर लागते.'

आणि शांत झोपलो.

सकाळी हजेरी बघितली तर डोळ्याच्या चित्रापुढं आकडा एक. एकशे त्रेचाळीसवरनं एक! आणि तो एक कोण? विहीणबाई!

माझ्या हातातला चहा बशीत, बशीतला धोतरावर. सगळ्या शेवगावनं माझ्यावर बहिष्कार टाकलाय, आणि जिला मी हाकललं ती बाई मात्र भिंतीतनं शिरल्यासारखी आत! हे शक्यच नव्हतं. पण मग एकदम डोक्यात उजेड पडला. जावई! आमचे जावई संगमनेरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनीच आईला काहीतरी करून दिलेलं असणार! मी लगेच लेकीला फोन लावला.

"अर्चना, शेजारी कुणी आहे का?"

"नाही. काय झालं, पप्पा?"

"जावईबापू रात्री कॉम्प्युटरवर काय करतात?"

"पेपर तपासतात. पप्पा, तुमची गोळी घेतलीत ना?"

फोनवर जास्त बोलण्यात अर्थ नव्हता. (फोनही ऐकत असतील!) कालचं स्टेटस पुसावं म्हटलं, तर पुसणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. चोवीस तासांत ते जाणारच होतं. तोवर सारवासारव म्हणून मी दुसरं टाकलं:

'कालचं कुणी मनाला लावून घेऊ नये. ज्यांना लागू आहे त्यांनाच ते लागू आहे.'

बघणारे, एक. वेळ, एक मिनिटानं. नाव तुम्हाला ठाऊक आहे.

दोन दिवस मी मोबाईल पालथा घालून ठेवला. आभाळ रोज दुपारी भरून यायला लागलं. सुनंदा डब्यांची झाकणं पुन्हा पुन्हा दाबून बघायची आणि माझ्याकडं बघायची. एकही कुरडई खपली नव्हती. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. आतून अर्चना उतरली. तिच्यामागं, पदर खोचून, विहीणबाई!

सुनंदानं पाणी आणलं. विहीणबाईंनी तांब्याला हात लावला नाही.

"पानी ऱ्हाऊ द्या. पाव्हनं, माजी नजर लागती म्हनं तुमाला?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी हसलो. म्हणजे दात दाखवले.

"अहो, ते... ते तुमच्यासाठी नव्हतं! सगळ्यांसाठी होतं. जनरल! आणि आता पुसूनही गेलं ते."

"तुमच्याकडं पुसलं आसंल," असं म्हणून विहीणबाईंनी आपला मोबाईल काढला. लाल पट्टी, पांढरी अक्षरं. शेजारी दुसरं. "मी कंच्याबी स्टेटसचा फोटो काढून ठिवते. तुमची तर पयल्यापासनं समदी हायत."

चोवीस तासांत आपोआप पुसलं जातं, या एका गोष्टीवर मी किती विसंबून होतो! "पण ते खरंच सगळ्यांसाठी होतं," मी पुन्हा म्हटलं. "विचारा हवं तर गावात."

"पप्पा, मोबाईल द्या," अर्चना म्हणाली. तिनं दोन ठिकाणी बोट फिरवलं आणि तिचा चेहरा बदलला. "सगळ्यांसाठी? पप्पा, इथं 'फक्त यांनाच दाखवा' असं केलंय. आणि त्यात एकच नाव आहे. आईंचं!"

विहीणबाईंनी खोचलेला पदर आणखी घट्ट खोचला.

"म्हंजे," विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "सगळ्या मुलखातनं मला एकटीला निवडून सुनावलं?"

आता माझी अवस्था बघा! त्यांना एकटीला सुनावलं नाही हे सिद्ध करायचं, तर सांगावं लागणार की मी त्यांना लपवायला गेलो होतो. आणि लपवायला गेलो होतो म्हणावं, तर लग्नपत्रिकेतनं व्याह्यांचं नाव गाळल्याइतका तो मानभंग! इकडं आड, तिकडं विहीण. कारखान्यात खोट्या हजेरीवाल्यांना मी पकडायचो, तेव्हा ते असेच टोपी चुरगाळायचे. मी टोपी चुरगाळली.

"तसं नाही हो. मी तुम्हाला वगळायला गेलो होतो. चुकून बाकीचं जग वगळलं गेलं."

"वगळायला? का?"

"तुम्ही... रोज बघत होता म्हणून."

हे वाक्य तोंडातनं बाहेर पडल्यावर मला स्वतःलाच ते ऐकवेना. सुनंदानं कपाळाला हात लावला. अर्चना भिंतीकडं तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, पोर रडतेय! मग फुस्सकन आवाज आला. हसत होती कार्टी!

"आवं, बघत हुते ते कशापायी?" विहीणबाई कडाडल्या. "माझ्या भिशीतल्या अकरा बायका हायत. त्यांना फोटू दावायला! तुमचं आज टाकल्यालं उद्या जातंय, म्हनून मी धरून ठिवत हुते. त्या रोज इचारत्यात, 'शेवगावच्या कुरडया कवा येनार? भाव काय?' आन तुमाला भाव इचारला, तर तुमी हात जोडताय! मला वाटलं, पाव्हन्याला देवाधर्माचं याड लागलं."

सुनंदानं मान वर केली. "विहीनबाई, भाव मी सांगते. किती पायजेत?"

"हायत किती?"

"समद्या हायत!"

त्यावर दोघी एकमेकींकडं बघून अशा हसल्या की मी न विचारताच उठून चहाचं आधण ठेवलं. पाच पिशव्या विहीणबाई बरोबरच घेऊन गेल्या. उरलेल्या एसटीच्या पार्सलनं पाठवायचं ठरलं. निघताना माझ्याजवळ थांबून म्हणाल्या, "पाव्हनं, ह्याच्याम्होरं स्टेटस मी टाकीन. तुमी नुसतं बघायचं."

संध्याकाळी त्यांनी टाकलं. एकच फोटो. खाली किलोचा भाव, फोन नंबर आणि 'थोड्याच शिल्लक'. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पलंगाखालच्या डब्यांसकट सगळा माल बोलला गेला. मृगाचा पहिला थेंब पडला तेव्हा सुनंदा पुढच्या सालच्या गव्हाची चौकशी करत होती.

त्यांनी स्टेटस टाकल्याच्या पहिल्याच मिनिटाला मी ते बघितलं होतं. भीतीच तशी! दुसऱ्या मिनिटाला फोन वाजला.

"काय पाव्हनं, नुसतंच बघितलं? घेतलं काहीच न्हाई?"

"नाही नाही, घेणार होतो की! दोन किलो लिहा माझ्या नावावर."

मागणी विहीणबाईंच्या यादीतली, म्हणून सुनंदानं त्या दोन किलोही बाकीच्या मालाबरोबर बांधून संगमनेरला पाठवल्या, आणि चार दिवसांनी त्याच मला पार्सलनं परत आल्या. जातानाचं भाडं मी भरलं होतंच. येतानाचंही माझ्याकडूनच घेतलं, आणि त्यातल्या निम्म्या तर वाटेतच मोडून गेल्या होत्या.